एका अंगाचं ऊन

आमच्या घरात जीव मारायचा नाही, हा कायदा एवढा जुना होता की तो कुणी घातला हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे. अंथरुणात ढेकूण सापडला तर आई तो कापसाच्या पेळूवर अलगद घ्यायची आणि घरामागच्या परड्यात नेऊन सोडायची. रात्री तो परत येतो अशी माझी पक्की खात्री होती, कारण चावायचा तो नेमका आदल्या दिवशीच्या जागी. शेती होती, तंबाखूची वखार होती; निपाणीत तेव्हा ज्याचं म्हणून काही बरं चाललेलं असे तो तंबाखूतच असे. वखार घराला लागूनच. मधे एक भिंत, आणि त्या भिंतीतनं तंबाखू अशी झिरपायची की पाहुणा पुढच्या सोप्यात बसला की आधी चार शिंका द्यायचा आणि मग जयजिनेंद्र म्हणायचा. पलीकडं दिवसभर बायका तंबाखू चाळायच्या. चाळण्यांची खसखस, मधेच कानडीतलं भांडण, मधेच मराठीतलं हसणं. भांडायला कानडी आणि हसायला मराठी असं का होतं कोण जाणे, पण आमच्या वखारीत तरी तसंच होतं.

त्या वर्षी नागपंचमीला परड्यातल्या चिंचेला झोका बांधलेला. मी दहा-अकराची असेन. सगळ्या पोरींत उंच झोका माझाच गेला पाहिजे असं माझ्या डोक्यात भरलं, आणि गेलाही. मग दोर तुटला. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मला अजून आठवतो, ओली काटकी मोडावी तसा. सदलग्याहून हाडवैद्य आला. म्हातारा तोंडाचा लई तिखट. त्यानं पाय चाचपला, मी बोंबलले, आणि तो म्हणाला, "अंडं आणा. पांढऱ्यात पीठ कालवून पट्टी घालतो."

आतनं आक्काचा आवाज आला, "ह्या घरात अंडं येणार न्हाय."

"मग हाड कसं धरायचं?"

"उडदाचं पीठ लावा, मैदालकडी लावा. हाडं काय कोंबडीला इचारून जुळत्यात व्हय?"

म्हातारा तोंडातल्या तोंडात पुटपुटला, पण उडदाचंच पीठ लावलं. कमरेपासनं घोट्यापर्यंत बांबूच्या कांबी आवळल्या आणि जाताना सांगून गेला, "दसऱ्यापातूर पोरगी हलली तर जल्माची लंगडी. मग मला बोल लावायचा न्हाय."

माझी बाज मधल्या खोलीत पडली. मधली खोली म्हणजे आक्काची खोली.

आक्का म्हणजे माझी आत्या, अण्णांची, माझ्या वडलांची थोरली बहीण. सगळं घर तिला आक्का म्हणायचं म्हणून मीही. परकर नेसायच्या वयात लग्न झालं, नवरा पटकीत गेला, आणि सासरचं घर नीट बघायच्या आत ती पांढऱ्या लुगड्यात परत आली. तेव्हापासनं ह्याच खोलीत. बाहेर जायची ती फक्त बस्तीत, म्हणजे आमच्या जैनांच्या देवळात, तेही झुंजूमुंजू झालं की मागल्या बोळानं, मान खाली घालून, आणि परड्यात ऊन उतरायच्या आत परत. मान खाली असायची ती पायाखाली मुंगी चिरडू नये म्हणून, की बोळात भेटणाऱ्या माणसांसाठी, हे मला कधी कळलं नाही. तिला कोणी कोंडलेलं होतं असं म्हणता येणार नाही. दाराला बाहेरनं कडी नव्हती. आप्पा, म्हणजे माझे आजोबा, तिचे वडील, ती परत आली तेव्हा एकदाच म्हणाले होते म्हणे, "आपल्या घरची बाई रस्त्यावर दिसू ने." एकदाच. दुसऱ्यांदा म्हणायची वेळ आली नाही.

तिचं राज्य पाण्यावर. विहिरीचं पाणी आलं की दुपदरी फडक्यातनं गाळायचं, त्या फडक्याला आम्ही गाळणं म्हणायचो. गाळण्यात डोळ्याला दिसत नाहीत असे जे जीव अडकतात ते वाया जाऊ द्यायचे नाहीत. गाळणं उलटं धरून त्यावर गाळलेलं पाणी ओतायचं, ते भांड्यात धरायचं आणि पुन्हा विहिरीत सोडायचं. त्याला जिवाणी म्हणतात. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत जिवाणी. दुसऱ्या पाण्यात तो जीव जगत नाही. एका उन्हाळ्यात आमची विहीर आटली आणि पाणी शेजारच्या गल्लीतनं यायला लागलं, तर आक्का रोज जिवाणीचं भांडं आमचा गडी हणमा याच्याकडून त्या गल्लीतल्या विहिरीवर पाठवायची. हणमा एकदा वैतागून म्हणाला, "आक्का, हितंच वततो की. त्यास्नी काय कळतंय?"

"त्यास्नीच कळतंय," आक्का म्हणाली.

अशा माणसाच्या शेजारी दसऱ्यापर्यंत उताणं पडून राहायचं होतं. पहिल्या दिवसांत लोकं बघायला आली, केळी घेऊन आली, हळहळली. मग कुणी येईना. पाऊस कौलांवर धरून बसलेला. कांबींच्या आत खाज सुटायची आणि तिथं बोट पोचायचं नाही. ह्याच्याइतका हालाचा प्रकार माणसाच्या जन्मात दुसरा नसेल, आणि मी त्यानंतर चार बाळंतपणं काढलीत. आढ्यावर एक वाळवीचा माग होता तो मला तोंडपाठ झाला. चातुर्मास म्हणून पालेभाजी बंद, रोज मुगाची नाही तर मटकीची उसळ, भाकरी, ताक, आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकलेलं. मग उजेड जायचा आणि रात्र एवढी लांब की मी बाजेलगतच्या भिंतीवर नख घासत पडायची. रडायची पण. आक्का म्हणायची, "रडू ने. हालशील." म्हणजे रडायचीही चोरी.

एका दुपारी अण्णा मळ्यातनं आले ते पटक्याचा शेव मुठीत धरून. तंबाखूचं रोप टाकलं होतं, त्या तरव्याच्या कडेला निगडीचं, म्हणजे निर्गुंडीचं, कुंपण. त्यात भांगलणाऱ्या बायकांना एक गोसुंबी दिसली आणि एकीनं दगड उचलला. अण्णांनी तो हात धरला. मग हातात आलेलं ते पिल्लू कुठं ठेवायचं म्हणून, आणि घरात एक पोर पडून आहे हे आठवून, ते घेऊन आले. गोसुंबी हा शब्द कानडीचा. पुस्तकात शॅमेलिऑन म्हणतात. साधा सरडा वेगळा, तो पळतो. ही पळत नाही. एक पाऊल उचलते, ते हवेत तसंच धरते, वाऱ्यानं पान हलावं तशी पुढंमागं झुलते आणि मग ते ठेवते. पिल्लू माझ्या करंगळीएवढं. पाय सांडशीसारखे, शेपूट जिलबीसारखी गुंडाळलेली, आणि डोळे असे की एक माझ्याकडं बघतोय तर दुसरा आढ्याकडं. मी बाजेवर पडल्यापासनं पहिल्यांदा हसले असं आई पुढं कितीतरी वर्षं सांगायची.

खुंटीला एक पोपटाचा पिंजरा होता. पोपट आमच्याकडं कधी नव्हता. घर घेतलं तेव्हाच तो रिकामा पिंजरा आत सापडला आणि आई उंदरांपासनं वाचवायला त्यात खोबरं ठेवायची. खोबरं बाहेर आलं, निगडीची फांदी आत गेली, फांदीवर गोसुंबी. पिंजरा माझ्या उशाशी खिडकीत टांगला. खिडकी पूर्वेची, लाकडी गजांची. आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून तिची जी सेवा मांडली, ती आमच्यासारख्यांनीच मांडावी. आईनं वाटीत दूध ठेवलं. भिजवलेली मुगाची डाळ ठेवली, पिकलं केळं कुस्करून ठेवलं, सणागत शिरा केला होता तोही बोटभर ठेवला. गोसुंबीनं त्यातल्या कशाकडं एक डोळासुद्धा वळवला नाही. "लाजतीया," आई म्हणाली.

ती काळी पडायची, त्याचा सगळ्या घराला घोर. सकाळी बघावं तर काळीठिक्कर. आई म्हणायची नजर लागली, हणमा दारातनंच म्हणायचा अपशकुनी हाय, आप्पा म्हणायचे रागीट जात. मी काही म्हणत नव्हते, कारण मला उशाला दुसरं काही बघायलाच नव्हतं आणि मी बघत होते. पाऊस थांबून सकाळी कधी ऊन पडलं तर खिडकीतनं त्याची एक पट्टी आत यायची. गोसुंबी रात्री फिक्कट पिवळी होऊन झोपलेली असायची. पट्टी पिंजऱ्याला लागली की ती हळूहळू चढून त्या उन्हात यायची, अंग चपटं करायची, पानाएवढं चपटं, आणि उन्हाकडं एकच कूस धरायची. ती कूस काळी व्हायची. सावलीकडची कूस तशीच पिवळट राहायची. अर्धी काळी, अर्धी पिवळी! मी मान वाकडी करकरून दोन्ही बाजू बघितल्या. थोडा वेळ गेला की काळं विरायचं आणि ती हिरवीगार होऊन फांदीवरनं चालायला लागायची. मग मला कळलं. तिला थंडी वाजायची. ऊन लवकर अंगात भरावं म्हणून ती काळी व्हायची, जसा काळा तवा लवकर तापतो. ते रागाचं नव्हतं, अपशकुनाचं तर नव्हतंच.

पण दुसरंही एक काळं होतं, आणि ते ओळखायला मला जरा वेळ लागला. आईनं चिंच लावून घासलेला पितळी तांब्या खिडकीत ठेवला की गोसुंबीला त्यात स्वतःचीच छबी दिसायची आणि ती गळा फुगवून, तोंड वासून फुत्कारायची. मांजर कौलांवरनं गेलं तरी तेच. गल्लीतली पोरं तिला बघायला आत घुसली आणि पिंजऱ्याला चारी बाजूंनी डोळे लावले, तेव्हा तर ती फांदीवरनं खालीच पडली. हे भ्यालेलं काळं. ते एका अंगाला नसायचं, सगळं अंग काळवंडायचं, वर ठिपके उठायचे, आणि ऊन असो नसो, जायचं नाही. मी आईला ओरडून तांब्या उचलायला लावला, पोरांना हाकलायला लावलं, पिंजऱ्याच्या तीन बाजूंना जुनं धडपं बांधायला लावलं. बाजेवरनं हुकूम सोडायला मी तेव्हाच शिकले, सुना अजून बोलून दाखवतात.

मग एकदा आईला वाटलं, हिला ऊन आवडतं तर भरपूर देऊ. चांगली उघडीप बघून तिनं पिंजरा दुपारी परड्यात टांगला आणि ती वखारीत गेली. मी आतनं हाका मारत राहिले. पिंजरा आत आला तेव्हा गोसुंबी राखेसारखी पांढरीफटक पडलेली, तोंड उघडं, डोळे मिटलेले. ऊन हवं ते तिच्या मापानं. ते पुरं झालं की सावलीत जाता आलं पाहिजे, आणि पिंजऱ्यात जायचं कुठं? आई फार कानकोंडी झाली. पाणी समोर ठेवलं, पण वाटीतलं पाणी ती प्यायचीच नाही. त्या दिवशी कळलं ते आक्कामुळं, आणि आक्काला न कळता. तिनं धुतलेलं गाळणं खिडकीच्या गजावर वाळत घातलं, त्याचा एक थेंब पिंजऱ्यातल्या पानावर पडला, आणि गोसुंबीनं डोळे उघडून तो चाटला. मग दुसरा चाटला. मी म्हटलं, "आक्का, गाळणं रोज हितंच घाल गं." आक्कानं पिंजऱ्याकडं नुसतं बघितलं. पण गाळणं रोज तिथं यायला लागलं.

पाण्याचं झालं, खाण्याचं काय? ते एका माशीनं सांगितलं. माशी पिंजऱ्यात आली, गोसुंबीचे दोन्ही डोळे पहिल्यांदाच एका जागी वळले, आणि तोंडातनं काहीतरी सटकन बाहेर गेलं आणि परत आलं. माशी नव्हती.  आनंद झाला का भीती वाटली, सांगता येत नाही, दोन्ही एकदमच झालं. आमच्या घरात, आक्काच्या खोलीत, चातुर्मासात, माझ्या उशाला एक जीव मेला होता आणि मला बरं वाटत होतं! त्यानंतर मी दुपारच्या गुळाच्या खड्यातला अर्धा खडा बोटानं ओला करून पिंजऱ्याच्या गजांना लावायला लागले. माश्यांना काय तोटा नव्हता. गोसुंबी बाळसं धरायला लागली.

आक्काच्या नाकाला गुळाचा वास लागायला फार दिवस लागले नाहीत.

"ह्यो गूळ कुणी लावला?"

मी बोट परकराला पुसलं.

"माश्यांस्नी बोलावतीस व्हय, मराय?"

"ती दुसरं कायच खात न्हाय आक्का."

"मग त्येचं पाप तू का घेतीस? आधीच पाय मोडून पडलीयास." असं म्हणून तिनं ओल्या फडक्यानं गज पुसून काढले आणि पिंजऱ्याच्या चौथ्या बाजूलाही पातळ फडकं बांधलं, माशी जाऊ नये म्हणून. तिच्या तोंडावर राग नव्हता, तेच जास्त लागलं. रागावली असती तर मी भांडले असते.

पुढचे दिवस मला आठवायला नको वाटतात. गोसुंबीची कातडी सैल पडली, डोळे खोल गेले. एका सकाळी ऊन आलं, पट्टी पिंजऱ्याला लागली, फांदीवर पोचली, आणि ती उठलीच नाही. सावलीतच बसून राहिली, सगळ्या अंगानं काळी. ऊन तिच्यापासनं वीतभर लांब होतं. ती गेली नाही. मी हाताला येईल तेवढा पिंजरा फिरवला, पण मी उताणी, माझा हात पुरेना. मांडीत कळ गेली तशी मी थांबले आणि मोठ्यानं रडले.

आक्का दुपारी माळ ओढताना पाच दोष म्हणायची. दुसऱ्या जीवाला देऊ नयेत असे पाच त्रास: बांधून कोंडणं, मारणं, अवयव कापणं, झेपेना एवढं ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. रोज कानावर पडून ते मलाही पाठ झालेले. त्या दिवशी ती पाचव्यावर आली आणि मी बाजेवरनं म्हटलं, "आक्का, पयलं आन शेवटचं तर आपुनच करतोय की."

माळ थांबली. तिनं पिंजऱ्याकडं बघितलं. मग उठून चारी बाजूंची फडकी सोडली.

आई दारात आलेली. ती म्हणाली, "आक्का, परड्यात चिंचंवर सोडू या का तिला?"

"ती परड्यातली न्हाय," आक्का म्हणाली. "मळ्यातली हाय. निगडीच्या कुंपणातली."

"मग अण्णा सांगलीस्नं आल्यावर..."

"तवर मरंल ती!" मी ओरडले.

हणमाला बोलावलं. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. "मी न्हाय हात लावायचा. तिनं अंगावर फुंकलं की कोड उठतंय. पायजे तर पिंजऱ्यासकट ओढ्यात टाकून येतो." आक्कानं त्याला नुसत्या नजरेनं घालवलं. वखारीतल्या बायका पदराला गाठी मारून सरड्याच्या नावानं थुंकणाऱ्या. आईच्या कडेवर माझा धाकटा भाऊ, चुलीवर आमटी, आणि सोप्यात आप्पा जेवायची वाट बघत. राहिलं कोण?

"तू जा की आक्का," मी म्हटलं.

"मी?"

"मग कोण? माझा पाय बांधलाय म्हणून मला जाता येत न्हाय. तुझं कुठं बांधल्यात?"

आई धावून आली. "पद्मे! काय जीभ हाय का कातर?"

आता ह्या वयात लोकांना वाटतं मी फार मोठं काही बोलले. नातीला सांगितलं तर तिनं टाळ्या वाजवल्या. छे हो. मी चिडलेली होते, पायाला कळ लागत होती, आणि माझं पिल्लू मरायला लागलं होतं, एवढंच. आक्काच्या पायांत काय आहे ह्याचा विचार मी तोवर केलाच नव्हता. पण तिचं तोंड बघितलं आणि मी घाबरले. ती सगळ्या अंगानं थिजली होती.

मग तिनं खिडकीतलं वाळलेलं गाळणं काढलं. पिंजऱ्याचं दार उघडलं आणि फडक्यात हात घालून गोसुंबीला उचललं, जिवाणीचं भांडं धरायची तसंच, दोन्ही हातांनी, छातीशी. गोसुंबीनं तोंडसुद्धा वासलं नाही, एवढी ती गेलेली. आक्काचं दिवसातलं एकच जेवण, त्याचं ताट आई वाढत होती, ते तसंच राहिलं. मागलं दार वाजलं. परड्यात तेव्हा भर दुपारचं ऊन पडलेलं मला गजांतनं दिसत होतं. त्या उन्हातनं पांढरं लुगडं गेलं आणि दिसेनासं झालं.

मळा काही लांब नव्हता, ओढा ओलांडला की आलाच. जाऊन यायला कितीसा वेळ? पट्टी खिडकीतनं सकाळीच निघून गेलेली, त्यामुळं मला वेळ कळायचा तो आवाजांवरनं. चाळण्या थांबल्या, म्हणजे बायका भाकरी खायला बसल्या. पुन्हा सुरू झाल्या. आई दोनदा मागल्या दारापर्यंत जाऊन आली. "ओढ्याला पाणी तर आलं न्हवतं न्हवं?" असं तिनं हणमाला विचारलेलं मी ऐकलं. माझ्या मनात नाही नाही ते आलं. आक्का पडली असेल. कुणी काही बोललं असेल. गोसुंबी वाटेतच मेली असेल आणि आक्का ती हातात धरून कुठंतरी बसली असेल. हे सगळं माझ्यामुळं, आणि मला उठून दारापर्यंतही जाता येत नव्हतं. त्या दिवसाएवढी त्या बाजेची चीड मला कधीच आली नाही. मुठी आवळून मी बाज बडवली.

आप्पांना जेवण झाल्यावर गाळलेलं पाणी आक्काच द्यायची. त्या दिवशी तांब्या आईनं नेला. "आक्का कुठं हाय?" आप्पांनी विचारलं. आई म्हणाली, "मागं हायत्या." आप्पा उठले, काठी टेकत मागं आले, परडं बघितलं, माझ्या खोलीत डोकावले. उघडा पिंजरा बघितला.  मागल्या दाराच्या उंबऱ्यावर बसले, काठी आडवी गुडघ्यांवर ठेवून. माझ्या बाजेवरनं मला त्यांची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीपलीकडनं आक्काला आत यायचं होतं. मी मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हणायला लागले.

दिवस पार कलला तेव्हा परड्याचं फाटक करकरलं.

"कुठं गेलतीस?" आप्पांचा आवाज.

"जिवाणी सोडाय."

"जिवाणी हिरीत सोडत्यात."

"मळ्यातला जीव हुता आप्पा. मळ्यात सोडला."

 वखारीतल्या चाळण्या नेमक्या तेव्हाच का थांबल्या कोण जाणे. आप्पांनीच तिला लहानपणी जिवाणीचा नेम शिकवला होता, हे मला आईनं मागनं सांगितलं. मग काठी जमिनीला टेकल्याचा आवाज आला आणि ती पाठ दारातनं बाजूला झाली.

"दिवस मावळाय लागलाय," आप्पा म्हणाले. "जेवून घे."

ती ताट घेऊन माझ्या बाजेशेजारी येऊन बसली आणि भराभर घास घ्यायला लागली, कारण सूर्य बुडाला की तोंडाला कुलूप. मला धीर धरवेना.

"जगली?"

"कुंपणात ठिवली तवा हलंना. मला वाटलं गेली. मग उन्हाकडं सरकली. काळी पडली."

"एका अंगानं?"

"व्हय. एका अंगानं." आक्का घास हातात धरून थांबली. "मग दुसरं अंग फिरवलं. मग हिरवी झाली. एक नाकतोडा खाल्ला. मी तोंड फिरवलं हुतं, पर आवाज आला."

"आन मग?"

"मग गेली निगडीत. दिसंना."

"मग तू एवढा येळ काय करत हुतीस?"

आक्कानं भाकरीचा तुकडा मोडला. खिडकीतनं शेवटचा उजेड येत होता, आणि त्यात मला दिसलं. तिचा उजवा गाल रोजच्यासारखाच होता, माजघरातल्या माणसाचा, पिठासारखा. डावा गाल तांबडालाल. डावा कान, मानेची डावी बाजू, डावा हात कोपरापर्यंत, सगळं उन्हानं भाजून निघालेलं. बांधावर बसली असणार ती, एकाच कुशीवर ऊन घेत, पार दिवस कलेपर्यंत.  मी तिचा तो डावा हात धरला. तो अजून ऊन होता.

माझा पाय दसऱ्याला सुटला. लंगडी झाले नाही. पाऊस धरला की मांडी ठणकते, तेवढंच. पण त्याच्या आधीची, दुसऱ्याच दिवशीची गोष्ट सांगायची राहिली. सकाळी आई माझ्या खोलीच्या दारात बसून गवार निवडत होती. तिला एका शेंगेवर अळी सापडली. नेहमीसारखी ती तिनं पानावर घेतली. परडं तिच्यापासनं दोन पावलांवर होतं. आई उठली, परड्याकडं न जाता आत आली, आणि ते पान आक्कापुढं धरलं.

"आक्का," ती सोप्यात आप्पांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "ही गवार मळ्यातली हाय बगा."

आक्कानं आईकडं बघितलं. मग खिडकीतलं गाळणं काढून झटकलं आणि उठली.